जेवलात का, याच्या पुढचा प्रश्न

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



पुणे-नाशिक रस्त्याला लागून, जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या हद्दीवर मी तीस वर्षांहून अधिक काळ दवाखाना चालवला. गावच्या दवाखान्यात उधारीची एक वही असते. टोमॅटोचे पैसे आले की देतो, कांदा विकला की देतो, असं सांगून लोक जातात आणि बहुतेक जण आणूनही देतात. वहीची गोष्ट सांगण्याचं कारण असं, की आजचा विषय मला या वहीनं शिकवला, आणि फार उशिरा शिकवला.

एके दुपारी दवाखाना रिकामा असताना सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले. आपण त्यांना तात्या म्हणू. ओळख पटू नये म्हणून आजच्या सगळ्याच माणसांचे तपशील मी थोडे बदलले आहेत. तात्या माझे जुने पेशंट. गुडघे दुखायचे, झोप लागायची नाही, अन्नावरची वासना कमी झाली होती. दर पंधरा दिवसांनी यायचे, मी गोळ्या द्यायचो. त्या दिवशी मात्र त्यांनी दुखण्याचं नाव काढलं नाही. म्हणाले, "डॉक्टर, वहीत बघा, माझं काय राहिलंय ते."

मी वही काढली. शंभर-सव्वाशे रुपये बाकी होते. "अहो तात्या, घाई काय आहे? पुढच्या खेपेला द्या," मी म्हणालो.

"नको. कुणाचं ठेवायचं नाही." त्यांनी खिशातले पैसे मोजून टेबलावर ठेवले, हात जोडले आणि गेले. मला कौतुक वाटलं. जुनी माणसं व्यवहाराला किती चोख, असं मी संध्याकाळी घरी सांगितलंसुद्धा.

चौथ्या दिवशी तात्या गेल्याचं कळलं. त्यांनी आपलं आयुष्य आपल्या हातानं संपवलं होतं.

गाव जमला होता. जो तो एकच बोलत होता, "घरात काय कमी होतं? दोन मुलं, सुना, नातवंडं, गोठ्यात जनावरं. एकटा माणूस असता तर समजलं असतं." श्रोतेहो, त्या दिवसापासून 'एकटा असता तर समजलं असतं' हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आत्महत्या म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परीक्षेत नापास झालेला मुलगा येतो, कर्जबाजारी शेतकरी येतो. म्हातारा माणूस येत नाही. वय झालं होतं, दुखण्याला कंटाळला होता, असं म्हणून आपण तो विषय मिटवतो. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे, की जगाच्या जवळजवळ सर्व भागांत आत्महत्येचं प्रमाण सत्तरीच्या पुढच्या स्त्री-पुरुषांत सर्वांत जास्त आढळतं. आपल्या देशात २०२२ साली १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत २२ हजार ७४६ महाराष्ट्रातल्या होत्या, सर्व राज्यांत जास्त. दर दहांपैकी सात पुरुष होते. कारणांच्या यादीत पहिलं कारण होतं कौटुंबिक प्रश्न आणि दुसरं आजारपण. म्हातारपणी ही दोन्ही कारणं एकाच खाटेवर येऊन बसतात.

आता घराचा प्रश्न घेऊ. एकटं राहणाऱ्या वृद्धांना, त्यातही पत्नी गेलेल्या पुरुषांना, धोका अधिक असतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. ते मी नाकारत नाही. पण आपल्याकडे एकटे राहतात किती? २०१७-१८ मध्ये केंद्र सरकारनं देशभरातल्या सत्तर हजारांहून अधिक लोकांची एक मोठी पाहणी केली. तिच्यात साठीच्या पुढचे जेमतेम सहा टक्के लोक एकटे राहत होते. बाकी सगळे कुणा ना कुणाबरोबर. त्याच पाहणीत ठरावीक प्रश्न विचारून पाहिलं, तेव्हा साठीच्या पुढच्या सुमारे आठ टक्के लोकांत नैराश्याची, म्हणजे डिप्रेशनची, लक्षणं आढळली. म्हणजे बारांमध्ये एक. आणि डॉक्टरांनी ज्यांना तसं आधी सांगितलं होतं, असे एक टक्काही नव्हते. हिशेब साधा आहे. ही उदास माणसं सगळी एकटी राहणारी असू शकत नाहीत. त्यांतली कितीतरी भरल्या घरातच आहेत, आणि त्यांच्या डॉक्टरला, म्हणजे माझ्यासारख्याला, त्याचा पत्ता नाही.

आमच्या भागातली घरं कशी आहेत ते सांगतो. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. कालव्याचं पाणी आलं तसे लोक गावठाणातले वाडे सोडून मळ्यात राहायला गेले. पीकपाणी चांगलं झालं, स्लॅबची घरं झाली. पण शेजार तुटला. गावठाणात भिंतीला भिंत होती. म्हातारा सकाळी ओट्यावर दिसला नाही की शेजारी हाक मारायचा. मळ्यात शेजारचं घर उसाच्या पलीकडे. त्या उसात बिबट्या. दिवस मावळला की घराबाहेर पडायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. देवळातलं भजन, पारावरच्या गप्पा, हरिपाठ हे सगळं संध्याकाळचं असतं. बिबट्यानं म्हाताऱ्यांची संध्याकाळ खाल्ली, ती कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

तात्यांचं घर असंच मळ्यातलं. त्यांच्या मुलांना मी दोष देत नाही. टोमॅटोची तोडणी सुरू असली की घरातलं माणूस पहाटे उठतं, दुपारी माल नारायणगावच्या बाजारात न्यायचा, संध्याकाळी परत आल्यावर फवारणी, धारा, आणि विजेची पाळी असेल तर रात्री मोटर. नातवंडं सकाळी शाळेच्या गाडीत बसायची ती अंधार पडता यायची. रात्री जेवायला नऊ माणसं, पण सकाळी आठ ते संध्याकाळी सात तात्या एकटे. रेशन कार्डावर हे घर भरलेलंच.

दुसरा प्रकार पाळीचा. मुलगे वेगळे झाले की आईवडिलांची पाळी लागते. महिना थोरल्याकडे, महिना धाकट्याकडे. काही ठिकाणी आई एकाकडे आणि वडील दुसऱ्याकडे. चाळीस-पन्नास वर्षं एका चुलीवर जेवलेलं जोडपं, आता एकमेकांना लग्नकार्यात भेटतं. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, पिशवी भरायची नि पिशवी सोडायची, एवढंच काम राहिलंय." पाळीवर राहणारं माणूस जेवायला मागत नाही, औषध मागत नाही. महिना संपायची वाट सगळेच बघत असतात, आणि ते त्याला कळत असतं.

तिसरा प्रकार मुंबईहून परतलेल्यांचा. आमच्या दोन्ही तालुक्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत डबे पोचवायला आणि बाजारात माथाडी म्हणून गेली. पस्तीस-चाळीस वर्षं गर्दीत काढून माणूस गावी येतो. बायको गेलेली असते, मुलं वाशीला किंवा कल्याणला असतात. गावात त्याला ओळखणारे निम्मे लोक राहिलेले नसतात. जत्रेला चार दिवस येणारा माणूस म्हणून गावानं त्याला मान दिलेला असतो. कायमचा आल्यावर काय बोलायचं, हे त्याला कळत नाही आणि गावालाही कळत नाही.

आता चौथी गोष्ट, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वर, भीमाशंकरच्या अंगाला महादेव कोळी समाजाच्या वाड्या आहेत. तिकडे मी आरोग्य शिबिरांना जात असे. तिथे एक आजी एकट्या राहायच्या. नवरा नाही, मुलगा कामाला बाहेरगावी. घर पावसात गळायचं. कागदावर पाहिलं तर सगळ्यांत जास्त काळजी करावी अशी ही बाई. पण त्यांच्याकडे चार कोंबड्या होत्या, दोन शेळ्या होत्या, हिरड्याच्या दिवसांत हिरडा गोळा करायचा होता. आणि रात्री शेजारची दोन पोरं त्यांच्याकडे झोपायला यायची. सोबत म्हणून. सोबतीला जाणं ही आपल्याकडची किती जुनी रीत आहे! कुणी कुणावर उपकार करत नाही. पोरांना गोष्टी मिळतात, म्हातारीला जाग मिळते. मी विचारलं, "आजी, एकट्या राहता, भीती नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "एकटी कुठं? सकाळी दार उघडलं नाही तर शेळ्याच वरडत्यात."

एकटं राहणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. घरात माणसं किती, हा झाला एक प्रश्न. दुसरा प्रश्न असा, की तुम्ही सकाळी दिसला नाहीत, तर ते कुणाच्या आणि किती वेळात लक्षात येतं? आणि तुमच्यावाचून कुणाचं काही अडतं का? तात्यांवाचून कुणाचं अडत नव्हतं. सातबारा मुलांच्या नावावर झाला होता, बैलं विकली होती, पाणी द्यायची मोटर आता मुलगा मोबाइलवरून चालू करायचा. कुणीही त्यांना घालूनपाडून बोललं नव्हतं. उलट, "तुम्ही बसा, आम्ही करतो," असंच सगळे म्हणत. बसून बसून माणसाला आपण ओझं झालो असं वाटायला लागतं, आणि ते वाटणं फार धोक्याचं असतं.

यावर उपाय आहे का? आहे, आणि तो करून पाहिलेला आहे. इटलीच्या व्हेनेतो प्रांतात १९८८ पासून सुमारे दहा वर्षं अठरा हजार सहाशेहून अधिक वृद्धांसाठी एक सेवा चालली. घरात मदत मागवण्यासाठी एक छोटं उपकरण, आणि आठवड्यातून साधारण दोनदा कुणीतरी फोन करून विचारपूस करायचं. त्या वयाच्या तेवढ्या लोकांत एरवी एकवीसच्या आसपास आत्महत्या झाल्या असत्या, प्रत्यक्षात सहा झाल्या. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हा फायदा स्त्रियांमध्ये दिसला, पुरुषांमध्ये तसा दिसला नाही. पुरुष फोनवरही "बरं आहे" म्हणून मोकळे होतात, हा माझाही अनुभव आहे. त्यांच्याकडे जावं लागतं. जपानच्या नीगाता प्रांतात मात्सुनोयामा नावाच्या डोंगराळ गावात वृद्धांच्या आत्महत्या फार होत. तिथे १९८० च्या दशकात डॉक्टर आणि आरोग्य परिचारिका घरोघरी पोचल्या, नैराश्य कुणाला आहे ते शोधलं, गावच्याच डॉक्टरकडे उपचार सुरू केले आणि पाठपुरावा सोडला नाही. पुढच्या दहा वर्षांत प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

आपल्याकडे घरोघरी जाणारं माणूस आहे. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात दोन प्रश्न मनाचे आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला का? आणि उदास, निराश वाटलं का? श्रोतेहो, आशाताई हे प्रश्न विचारायला आल्या, तर सुनेनं किंवा मुलानं परस्पर "नाही, नाही" असं उत्तर देऊ नये. आजोबांना उत्तर देऊ द्यावं, आणि जमलं तर आपण जरा बाजूला व्हावं.

एक गोष्ट शेतकरी घरांसाठी. आमच्याकडे दवाखान्यातल्या गोळीला औषध म्हणतात आणि फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. दोन्ही एकाच घरात, कधी एकाच फळीवर. मरणाचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी विष नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. तिथे घरोघरी कुलपाच्या पेट्याही वाटून पाहिल्या, त्याचा मात्र उपयोग दिसला नाही, कारण किल्ली घरातच असते. तमिळनाडूत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी दोन गावांत वेगळी युक्ती केली. गावात एक सामाईक खोली, तिच्यात प्रत्येक शेतकऱ्याचा स्वतःचा कप्पा. औषध तिथेच ठेवायचं, लागेल तेवढं न्यायचं. लोकांनी ती सोय आपलीशी केली. आमच्याकडे गावोगावी विकास सोसायट्या आहेत, दूध डेअऱ्या आहेत. एक खोली काढणं त्यांना जड जाऊ नये.

आता घरच्यांनी काय पाहायचं? "देवानं आता उचलावं" हे वाक्य आपली म्हातारी माणसं उठता-बसता म्हणतात. ते म्हणून आजी पुन्हा वाटाणे सोलायला लागल्या, तर घाबरू नका. पण त्याबरोबर झोप उडाली, जेवण तुटलं, कीर्तनाला जाणं सोडलं, "तुमच्या मागचं ओझं जाईल" अशी भाषा आली, जपलेल्या वस्तू वाटून टाकल्या, जुनी देणी मिटवायला सुरुवात झाली, तर जागे व्हा. जोडीदार गेल्यानंतरचं पहिलं वर्ष, मोठ्या आजाराचं निदान, घर किंवा पाळी बदलणं, हे काळ विशेष जपायचे.

आणि विचारा. सरळ विचारा. "बाबा, जगणं नकोसं वाटतं का? मरणाचे विचार येतात का?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात येतो, हा गैरसमज आहे. उलट माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं तर उपदेश करू नका, रागावू नका. त्यांना एकटं सोडू नका, औषधं दूर करा आणि डॉक्टरकडे न्या. म्हातारपणातलं नैराश्य उपचारानं बरं होतं. ते वयाचा भाग नाही. पोलिसांच्या भीतीनं प्रयत्न लपवूही नका. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलं नाही.

घरातच हाल होत असतील, तर २००७ च्या कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. आमच्या दोन्ही तालुक्यांचे प्रांत मंचरला बसतात. जमीन मुलांना बक्षीस देताना 'सांभाळ करावा' ही अट कागदात लिहून घ्या. ती मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळत असतील, तर ते म्हाताऱ्या माणसाच्याच हातात राहू द्या. नातवाला स्वतःच्या पैशाचा खाऊ देण्यात मोठं बळ असतं.

शेवटी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. तात्यांनंतर काही वर्षांनी असेच एक आण्णा माझ्याकडे आले. मुंबईहून परतलेले, पत्नी गेलेली, मळ्यात धाकट्या भावाच्या शेजारी एका खोलीत राहणारे. तेही म्हणाले, "माझी बाकी काढा." माझा हात वहीकडे गेला आणि थांबला. दवाखान्याचं दार लोटून मी विचारलं, "आण्णा, मरणाचे विचार येतात का?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग रडले.

त्याच दिवशी मी त्यांच्या वाशीच्या मुलाला फोन लावला. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, काही महिने औषध चाललं. मुलगा रोज रात्री फोन करायचा आणि "जेवलात का?" एवढंच विचारायचा. आण्णा "हो" म्हणायचे, फोन संपायचा. मी त्याला म्हटलं, याच्या पुढचा प्रश्न विचार. ज्याचं उत्तर फक्त त्यांनाच देता येईल असा. मुलाचा भाजीचा धंदा होता. तो विचारायला लागला, "आण्णा, आज नारायणगावला टोमॅटोचा बाजार काय निघाला?" मग आण्णांना रोज बाजारात जाणं आलं. चार माणसं भेटायला लागली. एक दिवस दिसले नाहीत, तर आडत्याच्या माणसानं घरी चौकशी केली. साधा ताप होता.

मी दवाखाना बंद केला, तेव्हा वहीत आण्णांचे साठ रुपये बाकी होते. मी मागितले नाहीत, आणि त्यांनीही दिले नाहीत.

श्रोतेहो, आपल्या घरात, शेजारी किंवा तुमच्या स्वतःच्या मनात असं काही चाललं असेल, तर टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे १४४१६. एक-चार-चार-एक-सहा. ही सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते, आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळा क्रमांक आहे १४५६७. दोन्ही भिंतीवर लिहून ठेवा. आणि आज रात्री गावी फोन कराल, तेव्हा जेवणाची चौकशी झाल्यावर लगेच फोन ठेवू नका.